अळते पेट्याचा रुमाल

सकाळी ६.१०

मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणाऱ्या ताईंचा पहिला चहा टेबलावरच होतो. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत दोन खोल्यांचं घर. खिडकीला लागून टेबल. त्यावर भिंग, लाकडी फूटपट्टी, चार पेन्सिली, खोडरबर आणि कालचा अर्धा राहिलेला कागद. आठच्या आत तो संपवायचा आहे. मोडी सकाळीच वाचायची, असा त्यांचा शिरस्ता. डोळे ताजे असतात आणि गल्लीत अजून कुणाचा स्पीकर लागलेला नसतो.

कागद म्हणजे झेरॉक्स. तीही कुणीतरी आधीच काढलेल्या झेरॉक्सवरून काढलेली. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग तिच्याखाली अक्षरं लावत जायचा, बोरू शक्यतो न उचलता. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न लिहिणाऱ्याने सोडून दिलेला. पूर्णविराम नाही.

ताई फूटपट्टी ओळीखाली धरतात. ओठ हलतात, आवाज नाही. एखादी ओळ दोन मिनिटांत सुटते, एखादी पंधरा मिनिटं खाते. अडलं की पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. चार ओळींनंतर तोच शब्द त्याच माणसाने नीट लिहिलेला असतो. मग मागे यायचं, टिंब खोडायचं. काल या पानावर सात टिंबं उरली होती. पावणेआठला एक उरलं. तिथे ताई कंसात प्रश्नचिन्ह टाकतात. अंदाजाने शब्द भरत नाहीत. "हे कागद कोर्टात जातात. माझा अंदाज कुणाच्या तरी शेताच्या बांधावर जाऊन बसेल."

पानाला तीनशे रुपये. कागद फारच जीर्ण असेल तर चारशे. "टायपिंगवाला पानाला वीस घेतो," असं म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्यात एक तरी येतं. ताई भांडत नाहीत. कागद परत देतात. माणूस जिन्यापर्यंत जातो, तिथे उभा राहून फोन करतो आणि परत येतो.

सकाळी ८.१५

पिशवी भरायचं काम. भिंग, पट्टी, पेन्सिली, दोन मास्क, सुती हातमोजे, पाण्याची बाटली, डबा. पेन घ्यायचं नाही. जुन्या कागदाशेजारी शाईचं पेन आणायचं नसतं, हे मोडीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पुराभिलेख खात्याची कोल्हापुरात शाखा आहे. तिथे ताईंनी मोडी गिरवली. त्याआधी खासगी शाळेत शिकवत होत्या. मोडी हौस म्हणून शिकल्या, महिन्याकाठी दोन-चार कागद यायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या नोंदी मोडीत, त्यामुळे मोडी येणाऱ्या माणसाला एकदम भाव आला. शाळा सुटली. हौसेचा धंदा झाला.

पिशवीत आणखी एक गोष्ट असते. मोडकांच्या जंत्रीच्या पानांची झेरॉक्स. बाळाजी प्रभाकर मोडक हे इथल्याच राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवायचे. १७२८ ते १८८९ या काळातल्या तारखा एकमेकींशी ताडून बघता येतील असं कोष्टक त्यांनी करून ठेवलं. शके, सुहूर, फसली, इसवी, सगळं समोरासमोर. जंत्री १८८९ला संपते. पुढचं ताई तोंडी करतात: फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, शकात अठ्ठ्याहत्तर. महिना कुठला त्यावर एक वर्ष इकडे-तिकडे.

सकाळी ८.५५

मध्यवर्ती स्थानकावरून सांगलीकडची एसटी. बाईला अर्धं तिकीट, त्यामुळे हातकणंगल्यापर्यंत बावीस रुपयांत काम होतं. गाडी भरलेली. ऊसतोडीचे दिवस आहेत. शिरोलीच्या पुढे ट्रॅक्टर लागतात, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, ट्रॅक्टरवाल्याच्या टेपवर गाणं चालू आहे, त्याला काही ऐकू जात नाही. हेर्ले, चोकाक, अतिग्रे. वीस-एकवीस किलोमीटरला आज पाऊण तास.

ताई खिडकीशी बसून डोळे मिटतात. झोप नाही, विश्रांती. "डोळ्यावर भाकरी आहे," म्हणतात.

सकाळी १०.००

हातकणंगल्याची कचेरी पावणेदहाला उघडते. रेकॉर्ड रूमच्या बाहेरच्या बाकावर शेतकरी बसलेला आहे. सत्तरीचा, पांढरी टोपी, हातात किराणा दुकानाची पिशवी. पिशवीत कागद, आणि कागदाला लॅमिनेशन.

ताई कपाळावर हात मारत नाहीत, पण हात तिकडे निघालेला असतो.

"काका, हे कुणी केलं?"

"नातवानं. म्हटला, टिकंल."

प्लॅस्टिकवर उजेड पडतो आणि अक्षरं पुसट होतात. पाठीमागे काही लिहिलं होतं का, कळायला मार्ग नाही. दोन्ही बाजू एकमेकींतून दिसतात. गरम रोलरखालून जाताना शाई तपकिरी झालेली. ताई कागद तिरका धरून, खिडकीकडे पाठ करून पहिल्या दोन ओळी वाचतात. फसली १३०३. म्हणजे १८९३-९४. भावाभावांत विहिरीचा वाटा झाला, त्याची नक्कल. मोटेच्या पाळ्या कुणाला किती, त्याचा हिशेब. आज त्याच विहिरीवर पाच घरांच्या पाच मोटारी आहेत आणि दोन घरं बोलत नाहीत.

गावाच्या नावापुढे लिहिलं आहे: पेटे अळते.

"अळतं?" काका पुढे वाकतात. "आमचं गाव अळत्यातलं न्हाई ओ. अळतं तिकडं, रामलिंगाच्या अंगाला. आमचा तालुका हातकणंगले."

ताईंना हे वाक्य पाठ आहे. त्या सांगतात, तेही आता त्यांना पाठ आहे.

कोल्हापूर संस्थानात तालुक्याला पेटा म्हणत. १८८६ साली इंग्रजांनी कोल्हापूरचं गॅझेटियर छापलं, त्यात सहा मोठे पेटे आहेत: करवीर, पन्हाळा, अळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. पेट्यावर मामलेदार, त्याच्या हाताखाली कारकून, गावात पाटील-कुलकर्णी. शेतसारा, फौजदारी, विहीर, बांध, दत्तक, सगळ्याचा कागद पेट्याच्या कचेरीत. सहापैकी पाच नावं आजही तालुका म्हणून चालतात. अळते तेवढं गेलं. आज अळते हे तालुक्यातलं एक गाव आहे, ग्रामपंचायत असलेलं, आणि तालुका आहे हातकणंगले. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली ती हातकणंगल्यावरून. पुढे नावही त्याच बाजूला आलं. २००९ पासून तर लोकसभेचा मतदारसंघसुद्धा हातकणंगले. काकांच्या आजोबांना मात्र आपला पेटा अळते हेच ठाऊक होतं, आणि त्यांचा कागद त्याच नावाखाली बांधलेला आहे.

"म्हंजे मी मगाचा अर्ज चुकीचा केला?"

"चुकीचा नाही. अपुरा."

नवीन अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तालुका हातकणंगले, त्याच्यापुढे: पूर्वीचा अळते पेटा. सन, गाव, विषय. काका सही करतात. सावकाश, टोपी सरळ करून.

सकाळी ११.०५

रेकॉर्ड रूममधले शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणतात, घोडा ओढत आणतात. घोडा म्हणजे लाकडी शिडी, चार पायांवर उभी राहणारी. तिसऱ्या पायरीवर चढून वरच्या फळीवरचा रुमाल खाली घ्यायचा. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, वर गाठ, गाठीला चिठ्ठी. एकेक रुमाल आठ-दहा किलोचा. मामा तो आधी छातीशी धरतात, मग खांद्यावर, मग एका हाताने शिडी धरून उतरतात. खाली टेबलावर ठेवतात तेव्हा धुरळा उठतो आणि खोलीतले सगळे एकदम तोंड फिरवतात. डांबर गोळ्यांचा वास. त्याखाली जुन्या कागदाचा वास.

मामांना मोडी येत नाही. पण रुमाल कुठे आहे हे त्यांना फेरिस्तीच्या, म्हणजे यादीच्या, आधी कळतं. "अळत्याचं त्या भिंतीला. शिरोळचं काय आलंय ते ह्या कोपऱ्यात." तेवीस वर्षं ते गठ्ठे उतरवतायत आणि चढवतायत. कंबरेला पट्टा आहे, गुडघ्याला वेगळा.

गाठ सोडायची तीही ओढून नाही. कापडाचा धागा कागदात अडकला तर कोपरा जातो. आत हातकागद. जाड, मऊ, कडेला कसर लागलेली. कसरीने खाल्लेल्या कागदावर नागमोडी वाटा असतात आणि त्या वाटांत नेमकी नावं गेलेली असतात. ताई मास्क लावतात, त्यावर दुसरा. हातमोजे घालून पानाखाली जाड पुठ्ठा सरकवतात आणि पुठ्ठ्यासकट पान उलटतात. कचेरीतले भाऊसाहेब शेजारच्या खुर्चीवर बसून आपली कामं करतात आणि अधूनमधून इकडे बघतात. तसा नियमच आहे.

दुपारी १२.४०

तिसरा रुमाल. ताईंचा वेग वाढला आहे. आता त्या वाचत नाहीत, नुसत्या बघतात.

याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केलं आणि गावोगाव पगारी तलाठी नेमले. त्याआधी एका गावाचं दप्तर एकाच घराच्या हातात असायचं. बाप लिहायचा, मग मुलगा. तीस-तीस वर्षं एकच हात. तो हात एकदा डोळ्यात बसला की पान लांबून ओळखू येतं. काकांच्या गावच्या कुलकर्ण्याचा 'क' खाली लांब शेपूट सोडतो आणि 'ज' आधीच्या अक्षरात घुसतो. लॅमिनेशनच्या आतूनसुद्धा ती शेपूट दिसत होती. ताई तीच शोधत होत्या. १९१८नंतर हात बदलत राहतात, बदली झाली की नवं अक्षर. वाचायला ते सोपं असतं, शोधायला अवघड.

माझा एक समज होता की मोडी वाचणं म्हणजे अक्षरओळख. इथे बसल्यावर दिसतं की अर्धं काम अक्षराचं आणि अर्धं कचेऱ्यांचं आहे. कुठल्या साली कोण लिहीत होतं, कुणाकडे पाठवत होतं, हे ठाऊक नसेल तर भिंगाचा काही उपयोग नाही.

पाच मिनिटं कमी एकला शेपूट सापडते. त्याच वाटपाची पेट्याच्या कचेरीतली प्रत. इथे पाठीमागचंही दिसतं. पाठीमागे साक्षीदारांची नावं आणि एक ओळ: पाटाची वाट दोन्ही हिश्श्यांना मोकळी ठेवावी. काकांच्या कागदावर ही ओळ असेल तर ती लॅमिनेशनमध्ये गेली आहे.

काका ओळ पुन्हा वाचून दाखवायला सांगतात. मग तिसऱ्यांदा. मग म्हणतात, "आता त्येला दावतो." त्येला म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

नकलेचा अर्ज आत जातो. नक्कल मिळेल तेव्हा ताई दोन पानं लिहून देतील. सहाशे. इथवर यायचे पाचशे, सापडो न सापडो. काका आतल्या खिशातून पैसे काढतात, थुंकी लावून दोनदा मोजतात, अकराशे देतात.

दुपारी १.३०

डबा. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, खर्डा. मामा आपला डबा घेऊन येतात, भाऊसाहेबही. ताई हात तीनदा धुतात. काळं पाणी जातं, मग तपकिरी, मग साधं. काका म्हणतात, "चला, मोटारसायकल हाय, अळतं बघून येऊ." ताई हसून नको म्हणतात. जाऊन-येऊन तास मोडतो. तासाला एक पान.

चहा येतो. पैसे मामा देऊ देत नाहीत, मग ताई दुसऱ्या चहाचे देतात. चौघांचे चाळीस.

दुपारी २.२०

पोरगा आहे पंचविशीचा. फाईल व्यवस्थित, रंगीत चिकटपट्ट्या लावलेली. त्याला पणजोबांची जन्मनोंद हवी आहे. कोतवाल बुक, म्हणजे गावनमुना चौदा. जातीच्या दाखल्याला लागते. अळते पेट्यात बघा, असं त्याला कुणीतरी बरोबर सांगितलं आहे. मोबाइलवर त्याने जुना नकाशाही उतरवून घेतलाय.

ताई गावाचं नाव ऐकतात आणि विचारतात, "खालसा की जहागिरीतलं?"

पोरग्याला प्रश्न कळत नाही.

इथे नकाशा फसवतो. पेट्याच्या हद्दीतलं प्रत्येक गाव पेट्याचं नव्हतं. संस्थानाखाली नऊ जहागिरी होत्या. विशाळगड, बावडा, थोरली कागल आणि इचलकरंजी या मोठ्या. कापशी, तोरगल, धाकटी कागल, हिंमतबहादूर, सरलष्कर या लहान. प्रत्येकीची आपली कचेरी, आपला कारभारी, आपलं दप्तर. गावं एकमेकांत मिसळलेली. एक गाव खालसा, म्हणजे थेट महाराजांचं, बांधापलीकडचं इचलकरंजीकर घोरपड्यांचं. आजरा कुठे आणि इचलकरंजी कुठे, पण आजरा महाल इचलकरंजीच्या जहागिरीत होता. आजचा शाहूवाडी तालुका बराचसा विशाळगडचा, त्यांची गादी मलकापुरात. गगनबावडा पंत अमात्यांचा.

पोरग्याचं गाव इचलकरंजी जहागिरीतलं निघतं. अळत्याच्या भिंतीवरचे सगळे रुमाल सोडले तरी त्याच्या पणजोबांचा त्यांत पत्ता लागायचा नाही.

तो गप्प होतो. मग म्हणतो, "मॅडम, आज रजा टाकून आलोय." एमआयडीसीत कामाला आहे, रजेचे सहाशे कापले जातात. ताई त्याच्या फाईलच्या आतल्या पानावर पेन्सिलीने तीन ओळी लिहून देतात. जहागिरीचं नाव, साल, आणि अर्जात काय लिहायचं ते. पैसे घेत नाहीत. "वाचलंच नाही काही, पैसे कशाचे?"

दुपारी ४.००

रुमाल परत बांधायचे. सोडण्यापेक्षा हे काम जास्त वेळ खातं. पानं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने, कडा जुळवून, नव्या दोन डांबर गोळ्या टाकून. मामा गाठ मारतात, ताई बोट ठेवतात.

तिसऱ्या रुमालात एक वेगळाच कागद आहे, छापील, देवनागरी. जिल्हा लोकल बोर्डाचं पत्र, शाळेच्या छपराबद्दल. चुकून इथे बांधला गेलेला. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात गेलं, पेटे तालुके झाले, जहागिरी मिटल्या. गावातले रस्ते, शाळा, दवाखाने लोकल बोर्डाकडे आले. १ मे १९६२ला जिल्हा परिषद आली आणि लोकल बोर्डही संपलं. छपराचं पुढे काय झालं ते त्या पत्रात नाही. ताई चिठ्ठी लावून पत्र भाऊसाहेबांकडे देतात. ताईंचं काम मोडीचं. हे कुणालाही वाचता येतं.

सायंकाळी ५.२०

एसटीला अर्धा तास आहे. ताई वडाप, म्हणजे शेअर गाडी, पकडतात. वडापला अर्धं तिकीट नसतं. चाळीस रुपये, आणि मागच्या बाकावर पाच जण. अतिग्र्यापाशी फोन वाजतो. समोरचा माणूस रायबागचा. त्याचं मराठी कानडीच्या वळणाने येतं, पण स्पष्ट आहे. घरात मोडी कागद सापडलाय, बेळगावात कुणी वाचत नाही.

रायबाग कोल्हापूर संस्थानचं होतं. विलीनीकरणात बेळगाव जिल्ह्याकडे गेलं आणि १९५६ला म्हैसूर राज्यात. त्याच वेळी बेळगावकडचा चंदगड तालुका इकडे आला. म्हणजे चंदगडकराचे जुने कागद तिकडे आणि रायबागकराचे इकडे, असा उलटा खेळ. ताई त्याला कागदाचा फोटो पाठवायला सांगतात. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, खाली पांढरा कागद ठेवून. "आणि लॅमिनेशन करू नका." हे त्या कागद बघायच्या आधीच सांगतात.

सायंकाळी ७.१५

घर. आंघोळ, मगच स्वयंपाक. शिंका थांबत नाहीत म्हणून अॅलर्जीची गोळी. मग वहीत हिशेब. जमा: सकाळचं पान तीनशे, काकांचे अकराशे, एकूण चौदाशे. खर्च: शहरातली केएमटी बस जाऊन-येऊन वीस, एसटी बावीस, वडाप चाळीस, चहा चाळीस, मास्क दहा. एकशे बत्तीस. हातात बाराशे अडुसष्ट. त्यातली दोन पानं अजून लिहायची आहेत. चष्म्याचा नंबर दोन वर्षांत दोनदा वाढला, तो वहीत कुठे धरायचा हे त्यांना माहीत नाही. मान दुखते तेही नाही.

अशी कामं रोज नसतात. गेल्या आठवड्यात दोन दिवस एकही कागद आला नाही.

रात्री ९.००

रायबागचा फोटो आलाय. ताई मोठा करून बघतात. अक्षर वळणदार, सुंदर. कागद मधून सेलोटेपने चिकटवलेला, टेप पिवळी पडलेली, तिच्याखालच्या अडीच ओळी गेलेल्या. उरलेलं उद्या सकाळी.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या फळीवर असे कागद असतील तर लॅमिनेशन करू नका, टेप लावू नका. घडी असेल तर तशीच राहू द्या. धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. आणि कचेरीत अर्ज कराल तेव्हा गाव, तालुका, जिल्हा यांच्या खाली आणखी एक ओळ लिहा: १९४९च्या आधी गाव खालसा होतं की जहागिरीत, खालसा असेल तर कुठल्या पेट्यात, जहागीर असेल तर कुणाची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे अजून ठाऊक असतं. त्यांना या आठवड्यातच विचारा आणि लिहून ठेवा.